प्लग किती चालतो

९ जानेवारी

डायरी लिहायची मला सवय नाही. नोकरीत एकतीस वर्षं रोज लिहायचो, पण ते पाण्याच्या मीटरचे आकडे. घर क्रमांक, मागचा आकडा, आजचा आकडा, फरक. लेक काल फोनवर म्हणाली, "बाबा, कुणाशी बोलत नाही तर निदान लिहा तरी." काय लिहायचं ते तिने सांगितलं नाही.

ही गेली त्याला आज चोपन्न दिवस झाले.

आज गॅरेज उघडून आत गेलो. याआधी मी फार तर दारात उभा राहायचो, डबा द्यायला. गॅरेज हिचं होतं. मोटरसायकली, स्कूटर, जुन्या गाड्या, गवत कापायची यंत्रं, जनरेटर, पेट्रोलवर चालणारं जे काही असेल ते. आता एकटा घाईभाऊ बघतो. तो हिच्या हाताखाली एकोणीस वर्षं आहे. घाई कशाशी खातात हे त्याला माहीत नाही, म्हणून गिऱ्हाइकांनी हे नाव ठेवलं. हिला तो ताई म्हणायचा, म्हणून मी भाऊजी.

मला पाहून त्याने स्टूल पुसलं. मी बसलो. दोन तास बसलो. तो काही बोलला नाही, मीही नाही. बरं वाटलं.

१४ जानेवारी

गाळ्याची मालकीण वरच्या मजल्यावर राहते. ती खाली आली होती. करार मार्चअखेर संपतो. पुढे चालवणार की सोडणार ते एकतीस मार्चपर्यंत सांगा म्हणाली. "तुमच्यावर जबरदस्ती नाही हो. पण औषधाच्या दुकानवाला विचारून गेलाय दोनदा."

ती गेल्यावर घाईभाऊ बराच वेळ एकच नट पुसत बसला.

मी विचारलं, "तुला एकट्याला जमेल?"

"हाताला जमेल, भाऊजी. कानाला आणि डोळ्याला ताई होत्या." मग म्हणाला, "गाडी काय म्हणते ते त्या सांगायच्या. मी खोलायचो, मी जोडायचो. आता गिऱ्हाईक विचारतं, काय झालंय? मी म्हणतो बघतो. ते म्हणतं, ताई बघायच्या नाहीत, सांगायच्या."

गिऱ्हाइकं कमी झाली आहेत. त्याने सांगितलं नाही, मी मोजली. सकाळपासून तीन.

लेकीला फोनवर कराराचं सांगितलं. ती म्हणाली, "सोडून द्या बाबा. इकडे या. तुम्हाला पाना आणि पळी यातला फरक तरी कळतो का?" मी म्हटलं, पळी कळते. ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

२० जानेवारी

कपाटाच्या खालच्या खणात बिस्किटांचे अकरा पत्र्याचे डबे सापडले. आत जुने स्पार्क प्लग. गाडीतून काढलेला प्लग ही फेकत नसे. प्रत्येकाच्या गळ्यात दोरा, दोऱ्याला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर हिच्या अक्षरात गाडीचं नाव आणि एक आकडा. "दूधवाला मो.सा. – ९५". "डॉक्टर गाडी – ३१०". "शिंपी स्कूटर – ८०".

घाईभाऊला विचारलं, आकडा कसला. "किती चालला त्याचा. शंभराने गुणायचं." म्हणजे दूधवाल्याच्या मोटरसायकलीत तो प्लग साडेनऊ हजार किलोमीटर चालला.

"हे सगळं कशाला ठेवलं?"

"ताई म्हणायच्या, इंजिनाच्या पोटातलं फक्त प्लग बाहेर येऊन सांगतो."

घरी आणले दोन डबे. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मांडले. एकशे सदतीस प्लग. सगळे डबे मिळून साडेसातशेच्या आसपास भरतील.

२६ जानेवारी

तक्ता करतो आहे. मोठा कागद, सहा रकाने. हे काम मला येतं.

आजवर जे दिसलं ते असं. मोटरसायकलीत साधा प्लग आठ ते अकरा हजार. नव्या स्कूटरींत तेवढाच. जुन्या, तेल मिसळून पेट्रोल पिणाऱ्या स्कूटरींत चार-पाच हजार, त्याहून वर गेलेला एकच. मोठ्या गाड्यांत साधा प्लग तीस हजारांच्या आसपास. बारीक टोकाचे महागडे प्लग नव्वद हजारांपर्यंत गेलेले आहेत. पण त्याच गाडीला गॅसची टाकी बसवली की साधा प्लग पंधरा-वीस हजारांत संपतो. घाईभाऊ म्हणतो गॅस कोरडा, गरम जळतो. शिक्षक आणि शिंपी यांच्याकडे सारख्याच स्कूटरी, वर्षही एक. शिंप्याचा प्लग आठ हजार, शिक्षकाचा पाच. शिक्षक शाळेपर्यंत जातो आणि थांबतो, इंजिन तापायच्या आतच बंद. त्यामुळे काजळी धरते. यंत्र एकच, माणूस वेगळा.

रंगही लिहितो. भाजलेल्या बिस्किटासारखा असेल तर इंजिन सुखी. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त. ओला काळा म्हणजे तेल वर येतंय. पांढरा पडला म्हणजे फार तापतंय. हे सगळं घाईभाऊने शिकवलं, एका वाक्याला दहा मिनिटं या वेगाने.

रात्री झोप लागली.

३ फेब्रुवारी

एक गोष्ट जमेना. आठव्या डब्यात "आमची" असं लिहिलेले प्लग आहेत. आमची म्हणजे माझी स्कूटर, दुसरी कुठली असणार. आकडे: १२, १०, १४, ११, ९, १२. म्हणजे हजार-बाराशे किलोमीटर. एवढ्यात आमच्या स्कूटरचा प्लग संपतो? बाकी कुणाचाच इतका कमी नाही. आणि सगळेच्या सगळे बिस्किटाच्या रंगाचे, टोकं धारदार. एकही खराब दिसत नाही.

घाईभाऊला दाखवले. म्हटलं, इंजिनात काही दोष असणार, नाहीतर इतके लवकर का काढावे लागले?

त्याने एक प्लग हातात घेऊन फिरवला. "तुमच्या स्कूटरचा हिशोब वेगळा आहे, भाऊजी."

"वेगळा म्हणजे?"

"तुम्ही मीटर वाचायला कुठे जायचात? पुलापलीकडे, टेकडीमागे, टाकीच्या रस्त्याला. तिथे ना दुकान ना माणूस." असं म्हणून तो थांबला. मी वाट पाहिली. पुढे म्हणाला, "काढलेल्यांतले काही ताई साफ करून माझ्या मोटरसायकलीला लावायच्या, हे उरलेले डब्यात. बारा वर्षं मी प्लग विकत घेतला नाही."

दोष काय ते त्याने सांगितलं नाही. टाकीच्या रस्त्याला चढ आहे, त्याने इंजिनावर ताण येत असावा. पण मग रंग का चांगला? तक्त्यात "आमची" समोर प्रश्नचिन्ह टाकलं आहे. बहुधा ही जरा जास्तच काळजीने वेळेआधी बदलत असावी. ही सवय तिला होती. माझ्या रुमालाचंही तसंच होतं.

११ फेब्रुवारी

तक्ता भिंतीवर लावला. घाईभाऊने चारी कोपऱ्यांना खिळे ठोकले, अर्धा तास. गिऱ्हाइकं येऊन वाचतात. दूधवाला स्वतःचं नाव शोधून खूश झाला. "साडेनऊ हजार! म्हणजे मी शिंप्याच्या पुढे." दिवसभरात सात जण आले. प्लग किती चालला आणि अजून किती चालेल हे मी तक्त्यावरून सांगतो. लोक मान डोलावतात. एक जण म्हणाला, "ताईंसारखंच सांगता की."

मी घाईभाऊकडे पाहिलं नाही, पण त्याने ऐकलं असणार.

वाटतं, गॅरेज चालेल.

१२ फेब्रुवारी

घाईभाऊ सामान आणायला गेला असताना नदीवरचा होडीवाला आला. तो माणसं पलीकडे नेतो-आणतो. होडीला मागे लहान इंजिन, एकच सिलिंडर, एकच प्लग. "ताई अधूनमधून बोलवायच्या. नवा टाकायचा का बघता?"

तक्त्यावर होडी आहे. तिसऱ्या डब्यात तिचे एकेचाळीस प्लग होते, आकडे ९०, ८५, १००, ९५. सरासरी धरली नऊ हजार. नदी पाऊण किलोमीटर, दिवसाला वीस फेऱ्या, म्हणजे पंधरा किलोमीटर. भागून सहाशे दिवस. सध्याचा प्लग घाईभाऊने पंधरवड्यापूर्वीच घातलेला.

"अजून दीड वर्ष बघायला नको," मी म्हटलं.

"मग ताई मला सारखं का बोलवायच्या हो?"

"ती काळजी जास्त करायची. आमच्या स्कूटरचंही तेच."

तो हसला. "मग जास्तीचा पण नको? त्या एक खिशात द्यायच्या."

"नको."

जाताना म्हणाला, "बरं झालं. सुटलो एका फेरीतून."

२८ फेब्रुवारी

काल दुपारी होडी नदीच्या मध्यावर बंद पडली. आत अकरा माणसं होती. होडीवाल्याने प्लग काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. पेटेना. जास्तीचा नव्हता. प्रवाह मंद आहे म्हणून निभावलं, होडी वाहत जाऊन खालच्या अंगाला वाळूला लागली. दोन तास लागले. कुणाला खरचटलंही नाही. पण एका म्हाताऱ्या गृहस्थांची डोळ्याची शस्त्रक्रिया होती, ती वेळ चुकली. आता तीन आठवड्यांनी.

होडीवाला आज प्लग घेऊन आला. काळा, ओला, दोन टोकांच्या मधली फट काजळीने बुजलेली. स्टुलावर ठेवला.

"दीड वर्ष म्हणालात."

घाईभाऊने प्लग उचलला, तक्त्याकडे गेला, होडीच्या ओळीवर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

"भाऊजी, होडीला कुठला किलोमीटर? होडी तासांवर असते. नव्वद म्हणजे नव्वद तास. जनरेटर, गवताचं यंत्र, सगळं तासांवर. शंभराने गुणायचं ते चाकांना."

होडीवाला म्हणाला, "मी कोपऱ्यावरच्या गॅरेजला जातो इथून पुढे." रागाने म्हणाला नाही. त्यामुळे जास्त लागलं.

घरी येऊन हिशोब केला. एकेचाळीस प्लग, प्रत्येकी नऊ हजार किलोमीटर. ती होडी पृथ्वीला नऊ प्रदक्षिणा घालून आली असती. हे मला सोळा दिवसांपूर्वी दिसायला हवं होतं. एकतीस वर्षं एकाच मापात आकडे वाचले. समोर आकडा आला की तो कशाचा, हे विचारायची वेळच आली नव्हती.

२ मार्च

तक्ता काढून गुंडाळून ठेवला.

मालकिणीला सांगितलं, बहुतेक सोडणार. ती म्हणाली, "लेखी द्या मग, महिनाअखेर." लेकीला कळवलं. ती म्हणाली, खोली तयार करते. खिडकीजवळ पलंग टाकते. तिच्या आवाजात सुटल्यासारखं काही होतं आणि मला ते बरोबरच वाटलं.

घाईभाऊला सांगायला जीभ उचलेना. पण त्याला कळलं आहे. आज त्याने सगळे पाने आकाराप्रमाणे लावले.

९ मार्च

सांगितलं.

तो म्हणाला, "औषधाचं दुकान चांगलं चालेल इथे. आजारी लोक भरपूर आहेत."

मी म्हटलं, "माझ्यामुळे माणसं बुडाली असती."

"बुडाली नाहीत."

"म्हाताऱ्यांची शस्त्रक्रिया चुकली."

"ती चुकली." मग म्हणाला, "ताईंनी पहिल्या वर्षी डॉक्टरच्या गाडीत लांब बुडाचा प्लग घातला होता. दिसायला तसाच, पण अर्धा इंच लांब. पिस्टनने खालून ठोकला. पूर्ण इंजिन खोलावं लागलं."

हे मला हिने कधी सांगितलं नव्हतं.

"मग काय केलं तिने?"

"डॉक्टरच्या घरी गेल्या. आपण होऊन."

"आणि डॉक्टर?"

"अर्धा तास ओरडला. ताई उभ्या होत्या. तो दमल्यावर म्हणाल्या, आता गाडीबद्दल बोलू या का?" घाईभाऊ हसला. "तीस हजार किलोमीटर चाललेले प्लग त्याच गाडीतले आहेत, भाऊजी. ते नंतरचे."

१२ मार्च

आधी म्हाताऱ्या गृहस्थांच्या घरी गेलो. त्यांच्या सूनबाईने दार उघडलं. मी कोण ते सांगितलं, काय चूक केली तेही. आतून ते स्वतःच म्हणाले, "कोण आहे? नीट दिसत नाही, जवळ या." गेलो. ते म्हणाले, "तीन आठवडे काय, तीन वर्षं टाळत होतो. मला तर बरंच वाटलं होतं." सूनबाई म्हणाल्या, "आम्हाला नव्हतं वाटलं." दोघांचंही खरं होतं. शस्त्रक्रियेच्या दिवशी त्यांना मी नदीपर्यंत सोडेन म्हटलं. सूनबाई म्हणाल्या, "पुलावरून नेऊ. पण या."

मग घाटावर. होडीवाल्याने मला पाहून तोंड फिरवलं. मी रांगेत उभा राहिलो, इतरांबरोबर होडीत बसलो. पलीकडे सगळे उतरले, मी उतरलो नाही.

"काय पाहिजे?"

"तुझं इंजिन दिवसाला किती तास चालतं ते मोजायचं आहे. घड्याळ आणलंय."

"आणि मोजून काय करणार?"

"चूक कुठे झाली ते नीट लिहून ठेवणार. गॅरेज बंद होतंय, पण लिहिलेलं चुकीचं राहू नये."

त्याने खांदे उडवले. संध्याकाळपर्यंत बसलो. बावीस फेऱ्या. दर फेरीला इंजिन नऊ ते अकरा मिनिटं. एकूण तीन तास छत्तीस मिनिटं. शिवाय काठावर माणसांची वाट बघताना तो ते बंद करत नाही, हळू फिरत ठेवतो, तो वेळ एक तास दहा मिनिटं. काजळी त्याच वेळी जास्त धरते, हे आता मला कळतं.

हे त्याला सांगितलं. "वाट बघताना बंद ठेवलंस तर प्लग आणखी आठवडाभर जाईल. असं मला वाटतं. नक्की सांगत नाही."

"परत सुरू करायला दोरी ओढावी लागते. खांदा दुखतो."

"मग चालू ठेव."

तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "ताई खांद्याचं कधी विचारायच्या नाहीत. म्हणायच्या, बंद कर, आळशा."

तो हिचा नेहमीचा शब्द ऐकला आणि मला पाण्याकडे बघावं लागलं.

१७ मार्च

होडीवाला सकाळी इंजिन खांद्यावर घेऊन आला. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने म्हणे प्लग बदलला पण फट मोजली नाही. घाईभाऊने पातळ पट्टी घालून फट मोजली, ठोकून नीट केली. मी बाजूला उभा राहून पाहिलं. त्याने पट्टी माझ्या हातात दिली. "अडकली पाहिजे, पण ओढली तर निघाली पाहिजे." तीनदा केलं. तिसऱ्यांदा कळलं.

जास्तीचा एक प्लग मी कागदात गुंडाळून दिला. त्याने खिशात टाकला.

२२ मार्च

शस्त्रक्रिया झाली. सूनबाईंबरोबर मीही बाहेर बाकावर बसलो होतो. घरी परतताना त्या म्हणाल्या, आमच्याकडे एक जनरेटर धूळ खात पडलाय, बघाल का?

मी म्हटलं, गॅरेज बंद होतंय.

"हो का," त्या म्हणाल्या. मग मला स्वतःलाच ते वाक्य खोटं वाटलं.

२९ मार्च

मालकिणीकडे वर गेलो. करार पुढे एक वर्षाचा करतो म्हटलं. "लेखी सोडतो म्हणणार होतात ना?" "म्हणणार होतो." तिने चष्मा पुसला. "औषधवाल्याला काय सांगू?" मी म्हटलं, आजारी लोक इकडे कमी आहेत असं सांगा. ती हसली. मी विनोद केला हे मला जिन्यात कळलं.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "एकटे राहणार?" म्हटलं, दिवसभर घाईभाऊ असतो. "तो बोलतो तरी का?" म्हटलं, वेळ लागतो त्याला, पण बोलतो. "पलंग खिडकीजवळच ठेवते," ती म्हणाली. "कंटाळा आला की या." जाईन. आठवडाभर जाऊन येईन.

तक्ता नव्याने करतो आहे. सातवा रकाना घातला: माप. किलोमीटर की तास. "आमची" समोर प्रश्नचिन्ह तसंच आहे. घाईभाऊला परत विचारलं तर म्हणाला, "त्या ओळीत माप लिहू नका, भाऊजी." का ते सांगितलं नाही. तो असाच आहे.

१६ एप्रिल

सकाळी एक गृहस्थ जुनी निळी गाडी घेऊन आले. परगावी होते, दीड वर्षांनी परतले. तिथूनच तसेच चालवत आलेले. खिडकीतूनच म्हणाले, "ताई आहेत का?"

घाईभाऊ गाडीखाली होता. त्याचे पाय हलायचे थांबले.

"ती गेली," मी म्हटलं. "नोव्हेंबरात. चार दिवसांच्या तापाने. मी तिचा नवरा."

ते गाडीतून उतरले. म्हणाले, "चढाला धक्के देतेय. अजून प्लग किती चालतील, ते त्यांनाच विचारणार होतो."

भिंतीवर नवा तक्ता होता. त्यात निळ्या गाडीच्या पाच ओळी आहेत. मी तिकडे पाहिलं नाही.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "काढून बघू या."

घाईभाऊ गाडीखालून म्हणाला, "आत्ता नाही. लांबून आलीय, गरम आहे. तापलेल्या इंजिनाचा प्लग काढला तर आटे जातात. थंड होऊ दे."

मी त्यांना स्टूल दिलं, स्वतःला खोका घेतला. इंजिन थंड व्हायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ आम्ही हिच्याबद्दल बोललो. घाईभाऊ म्हणतो, मीच जास्त बोललो.